नाही म्हणणाऱ्याचं नाव

प्रबोधभाऊंचा फोन दिवसभर वाजत असे आणि ते तो दरवेळी एकाच वाक्याने उचलत. पलीकडचा माणूस हिंदी बोलणारा असेल तर, "बोलिए, प्रबोध बोल रहा हूँ, क्या गलती हुई मुझसे?" मराठी असेल तर, "बोला, मी प्रबोध. काय चुकलं माझं?" ऑफिसात नव्याने आलेल्याला वाटायचं, बिचाऱ्याने कुणाचं तरी काहीतरी बुडवलेलं दिसतंय. तसं काही नव्हतं. प्रबोध रामटेके सॉफ्टवेअर लिहीत. जबलपुरात, राइट टाउनमधल्या आमच्या लहानशा कंपनीत ते सगळ्यांत जुने. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की पडद्यावर एक लाल चौकट यायची. तिच्यात लिहिलेलं असे, 'यह गलती प्रबोध से हुई है, आपसे नहीं। इस नंबर पर फोन लगाइए।' आणि खाली त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर.

लोक फोन लावत. का नाही लावणार? पाटनच्या धान्यबाजारात एक शेठजी होते. मालाच्या वजनाची पावती छापायला त्यांच्याकडे भाऊंचा प्रोग्रॅम होता. शेठजी सुरुवात करत, "भैया, फिर आपका नाम आ गया." एकदा त्यांच्या दुकानातली वीजच गेली, तरी फोन आला. "इस बार आपका नाम नहीं आया, पर सोचा बता दूँ." आम्ही पोट धरून हसलो. भाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, "अच्छा किया शेठजी," आणि वीज येईपर्यंत त्यांच्याशी हरभऱ्याच्या पिकाबद्दल बोलत बसले.

माझी-त्यांची गाठ पडली ती भांडणानेच. मी कंपनीत नवीन, कॉम्प्युटरवर दिसणारे पडदे रचायचं काम माझ्याकडे. एका पडद्यावर मी लिहून ठेवलं, 'सिस्टम एरर, कृपया बाद में प्रयास करें.' सगळं जग लिहितं तसंच. भाऊंनी मला बोलावलं, खुर्ची दिली आणि शांतपणे विचारलं, "ताई, हे सिस्टम कोण होय? कुठी राहते?"

मी म्हटलं, "अहो, असं लिहायची पद्धत आहे."

"कोणाची पद्धत? अन् बाद में म्हणजे कधी? चहा पिऊन येऊ का उद्या येऊ? म्हातारा माणूस घमापुरातून ऑटो करून येते, त्याले तुम्ही सांगून राहिल्या का बाद में या. काहून? चूक तुमची अन् चक्कर त्याची?"

मला राग आला. माझा स्वभाव मुळातच तिखट. घरचे म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसत नाही. मी म्हटलं, तुम्ही स्वतःचा नंबर वाटत सुटा, मी नाही वाटणार. ते म्हणाले, "नका वाटू. पण खोटं तर नका लिहू. सिस्टमनं काही नाही केलं. आपण केलं." त्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते पुढे त्यांच्या घरी कळलं. त्यांचे वडील विदर्भातून इथल्या तोफखान्याच्या फॅक्टरीत नोकरीला आले होते. माल तपासायचं काम. तिथे तपासणाऱ्या प्रत्येकाला बोटाएवढा पोलादी शिक्का मिळायचा. माल पसंत केला की त्यावर आपला शिक्का ठोकायचा, नापसंत केला तरीही ठोकायचा. पुढे काही वाईट झालं तर कुणी पास केलं ते कळावं, आणि उगाच नाकारलं असेल तर तेही कळावं. निवृत्तीच्या दिवशी तो शिक्का जमा करावा लागला. रामटेके काका हारतुरे घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत, असं मावशी सांगत. मावशी म्हणजे प्रबोधभाऊंची आई. "माणूस गेल्यासारखं तोंड करून बसले होते बाप्पा," त्या म्हणत. "मी म्हणलं, शिक्काच गेला न, हात तर आहे."

भाऊंचं म्हणणं एवढंच होतं, की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही असा शिक्का हवा. विशेषतः नाही म्हणताना. "हो म्हणायले सगळेच पुढं येतात, ताई," ते म्हणायचे. "नाही म्हणायची वेळ आली का माणूस मशीनच्या मागं लपते. अगोदर साहेबाच्या मागं लपे, मग नियमाच्या मागं, आता मशीन भेटली. मशीन काही बोलत नाही, तिले लाजही नाही." एकदा पेन्शनच्या खिडकीवर कारकून मावशींना म्हणाला, "सिस्टम नहीं ले रहा, अम्मा." भाऊ शेजारीच उभे. म्हणाले, "भैया, सिस्टम को छोड़िए. आप बोलिए, मैं नहीं ले रहा." कारकून गडबडला. त्याने पुन्हा पडद्यात डोकं घातलं, आणि काम झालं. स्वतःच्या नावावर नाही म्हणायला तो तयार नव्हता, एवढीच गोष्ट होती.

आता मूळ गोष्टीवर येते. हे लिहिताना मला संताप येतोय आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

आमच्या मालकांना आम्ही सर म्हणत असू. माणूस वाईट नव्हता. शनिवारी समोसे मागवायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः गाडी काढायचा. त्यांनी जबलपुरातली घरं भाड्याने मिळवून देणारी एक साइट काढली. घरमालकाने घर टाकायचं, भाडेकरूने आपलं नाव, पत्ता, कामधंदा टाकायचा. पहिली साइट भाऊंनी लिहिली. तिच्यात भाडेकरूची मागणी मालकाकडे जाई, मालकाला हो किंवा नाही दाबावं लागे, आणि नाही दाबलं तर भाडेकरूला दिसे की अमुक-अमुकजींनी नकार दिला. झालं, घरमालकांचं पित्त खवळलं. नकार द्यायचाय, पण आमचं नाव का दाखवता? रोज सरांकडे तक्रारी.

मग सरांनी बाहेरून एक तयार प्रोग्रॅम विकत आणला. म्हणे, हा शिकतो. काय शिकतो? कोणता घरमालक कोणत्या तऱ्हेच्या माणसाला हो म्हणतो, ते. आणि एकदा शिकला की तो बाकीच्यांची मागणी मालकापर्यंत नेतच नाही, आणि बाकीच्यांना ते घरही दाखवत नाही. ना विचारणं, ना नाकारणं. दोन्हीकडे शांतता. सर खूश झाले. "देखो, अब किसी का दिल नहीं दुखेगा."

भाऊंनी तो प्रोग्रॅम दोन दिवस वाचला. मग म्हणाले, "अगोदर लोकं दारात उभं ठेवून आडनाव विचारत. माझ्या बापालेही विचारलं, मलेही विचारलं. वाईटच होतं. पण दार तर होतं न, दारात माणूस होता. त्याले चार गोष्टी सुनावता येत होत्या. यायनं आता दारच बुजवलं."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जरा जास्तच बोलताय. त्यात आडनाव तपासा असं कुठे लिहिलंय?"

"कुठीच नाही लिहिलं. लिहिलं असतं तर पकडता आलं असतं."

हे सगळं त्यांच्यासाठी नुसतं मत नव्हतं. त्यांना स्वतःला घर हवं होतं. फॅक्टरीचं क्वार्टर सोडल्यावर काकांनी घमापुरात एक वरचा मजला घेतला होता. खाली दुकान, बाजूने लोखंडी जिना, उभा आणि अरुंद. काका गेले, मावशींचे गुडघे गेले. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर शेजारची मुलं खुर्चीसकट उचलून खाली आणत, आणि मावशी दोन्ही हातांनी खुर्ची धरून डोळे मिटून घेत. एकदा एका मुलाचा पाय सटकला. पडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्या जिन्याच्या बाजूला बघायच्याही नाहीत. बुद्धपौर्णिमेला विहारातून लोक खीर घेऊन वर येत, त्या मात्र विहारात जाऊ शकत नव्हत्या. मला म्हणाल्या होत्या, "वर्षा, मले बंगला नाही पाहिजे. दार उघडलं का पाय मातीवर पडला पाहिजे. बस."

तेव्हा भाऊ तळमजल्याचं घर शोधत होते, ऑफिसच्या जवळ, राइट टाउनात. एका दुपारी आम्ही दोघं शेजारच्या दोन कॉम्प्युटरवर बसलो. एकच कंपनी, पत्ता दोघांचाही ऑफिसचाच, पगार त्यांचा माझ्याहून जास्त. मागणी शब्दाला शब्द तीच: तळमजला, दोन खोल्या, म्हातारी आई. मी माझं नाव टाकलं, वर्षा कुळकर्णी. त्यांनी त्यांचं टाकलं. माझा पडदा घरांनी भरून गेला, खाली सरकवता सरकवता बोट दुखावं इतका. त्यांच्या पडद्यावर एक सुंदर निळी चौकट आली. ती रंगवलेलीही मीच. 'फिलहाल कोई घर उपलब्ध नहीं है.'

मी उठून उभी राहिले. भाऊ बसूनच होते. म्हणाले, "पाहा, कोणी काही बोललं नाही."

मी तडक सरांच्या खोलीत गेले, मागून भाऊ आले. सर ऐकून खरोखर ओशाळले. म्हणाले, "अरे, हमने तो किसी को मना नहीं किया. प्रबोध, तुमको घर चाहिए तो मुझे बोलते. मेरे जानने वाले हैं, कल चाबी दिलवा देता हूँ. बस वहाँ जाकर नाम-वाम की बात मत करना, मैं संभाल लूँगा."

भाऊ म्हणाले, "आई से पूछकर बताता हूँ."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच उखडले. म्हटलं, घ्या ना ते घर. तुमची तत्त्वं गेली खड्ड्यात, मावशी खाली येतील. मला आजही वाटतं, माझं चुकलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही घमापुरात गेलो. भाऊंनी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मावशी शेंगा सोलत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मंग तिथी मले कोणी विचारलं का तुम्ही कोण, तर काय सांगू?"

भाऊ टरफलं गोळा करू लागले.

"तुया बाबाच्या नावानं गप्प बसू? घराची खिडकी उघडली का बाबासाहेबांचा फोटो दिसते, तो कुठी लपवू? मी इथीच बरी आहे." आणि त्यांनी मला शेंगदाणे दिले. म्हणाल्या, "तू नको चिडू. तुले बीपी होईल."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी त्या साइटवर शेवटचं काम केलं. 'फिलहाल कोई घर उपलब्ध नहीं है' याच्या खाली एक ओळ घातली: 'किसने मना किया, यह जानने के लिए फोन लगाइए.' आणि पुढे सरांचं नाव, सरांचा नंबर. लगेच सरांचा फोन खणखणायला लागला. घमापुरातून, पलीकडच्या वस्त्यांतून, कुठूनकुठून. एक नर्स होती, एक लष्करातून निवृत्त झालेला गृहस्थ होता, एक मुसलमान मास्तर होते. प्रत्येकाचा एकच प्रश्न, किसने मना किया? सरांना उत्तर येईना. ते लालबुंद होऊन बाहेर आले. "मेरा नंबर क्यों डाला?"

भाऊ म्हणाले, "सर, मेरी गलती होती तो मेरा नंबर डालता. यह तो आपका फैसला है."

दुपारपर्यंत ती ओळ निघाली आणि संध्याकाळपर्यंत भाऊही. त्यांनी पाण्याची बाटली आणि टिफिन पिशवीत घातला. बाकीच्यांपैकी कुणी खुर्चीतून उठलं नाही. मी उठले, गेटपर्यंत गेले आणि मग दुसरीकडे नोकरी शोधायला लागले. आणखी काय करणार होते?

भाऊ घरूनच लहानसहान कामं करू लागले. शेठजी होतेच, दोन औषधांची दुकानं होती. हिवाळ्यात मावशींच्या छातीत कफ झाला. एरवी लवकर दवाखान्यात नेलं असतं, पण जिन्याचं नाव काढलं की त्या म्हणत, उद्या पाहू. उद्या पाहू, उद्या पाहू करता करता त्यांना नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या जिन्यावरून त्यांना शेवटचं उतरवलं ते खुर्चीत बसवून नव्हे, चादरीत उचलून; आणि दवाखान्यातच त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय होतं. असेल. मी जिन्याकडे पाहत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी राइट टाउनमधून स्कूटरवर जात होते. आमच्या जुन्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत एका फाटकावर पत्र्याची पाटी दिसली, 'किराये से देना है'. तळमजला. अंगण. दाराला एकच बसकी पायरी, आणि पायरीखाली माती. मी स्कूटर उभी केली आणि आत गेले. घरमालकीण मराठीच निघाल्या, एकट्या राहणाऱ्या काकू. मी माझं नाव सांगितलं, आणि त्या साइटच्या ऑफिसात कामाला होते तेही. म्हणाल्या, "अगं, तुमच्या त्या साइटवर कधीचं टाकलंय. आधी दोन कुटुंबं मिळाली, आपल्यातलीच. आता कित्येक महिने रिकामं आहे, कोणी फिरकत नाही. शेवटी पाटी लावली."

मी विचारलं, "प्रबोध रामटेके म्हणून कुणाची मागणी आली होती का?"

"नाही गं. कोणाचीच नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. मावशींचं, जिन्याचं. काकूंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई. मग यायचं ना. मला विचारायचं तरी. मी काय नाही म्हटलं असतं?"

मी फाटकाबाहेर येऊन फोन लावला. भाऊंनी नाव न पाहता उचलला. "बोला, मी प्रबोध. काय चुकलं माझं?"

मी म्हटलं, "तुमचं काही नाही चुकलं भाऊ. तुम्ही इकडे या."

ते आले. आधी पायरीपाशी उभे राहिले, तिच्यावर पाय ठेवला, परत खाली मातीवर ठेवला. मग आत येऊन बसले. काकूंनी चहा दिला, आईबद्दल हळहळल्या. भाऊंनी ऐकून घेतलं. कप खाली ठेवून म्हणाले, "काकू, घर अजून रिकामंच आहे न? मले पाहिजे. मी प्रबोध रामटेके, घमापुरात राहतो. द्याल का?"

काकूंनी त्यांचा रिकामा कप उचलला. म्हणाल्या, "तुम्ही आता एकटेच ना?"

"एकटाच."

"मग नाही हो जमायचं. एकट्या पुरुषाला मी देत नाही. आई असत्या तर गोष्ट वेगळी होती."

"बरं काकू," भाऊ म्हणाले. "तुम्ही स्वतः सांगितलं, बरं केलं. चहा चांगला होता."

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. मी म्हटलं, खोटारडी बाई, आत्ता पदर लावून रडत होती, तुम्ही तिला चार शब्द सुनवायचे सोडून चहाचं कौतुक कसलं करता? मला त्या पाटीवर दगड मारावासा वाटत होता. भाऊंनी माझी स्कूटर सरळ करून दिली.

"असल खोटं. नसलही," ते म्हणाले. "पण ताई, ह्या बाईच्या दारात मी उद्या येऊ शकतो, परवा येऊ शकतो. म्हणू शकतो का काकू, अजून एक बार विचार करा. तिच्याशी भांडू शकतो. आईसाठी मी कोणाच्या दारात जाऊन भांडू? तिले तर कोणी नाहीसुद्धा म्हणलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. काकूंनी दोन्ही वेळा चहा दिला, घर दिलं नाही, आणि दोन्ही वेळा ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं.